पाणी काहून पीत नव्हती

इतवारी, नागपूर

आईले करिश्माचा नमस्कार.

ताप उतरला, काळजी करू नको. पण थकव्यानं आला म्हटलं होतं, ते खोटं होतं.

मी कामाले जाते त्या साडीच्या दुकानात संडासाले गोदामातून जावं लागते. तिथे गडीमाणसं बसली राहतात. मले लाज वाटे, म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हती. लघवीले जळजळ झाली, तरी लपवलं, अन् त्यातूनच ताप आला.

डॉक्टरबाईनं विचारलं, "पाणी किती पितेस?"

"भरपूर," मी म्हटलं.

सोबत दुकानात वीस वर्षांपासून काम करणाऱ्या भीमाबाई होत्या. खाली पाहत म्हणाल्या, "खोटं बोलून राहिली. आम्ही कोणीच पीत नाही."

आता आम्ही दोघी पाणी पितो अन् संडासाले मिळून जातो.

बाबाले सांगू नको. अन् धाकटी पिंकी शाळेत पाणी पिते का वं? पीत नसेल तर रागावू नको, जवळ घेऊन विचार.

तुझी करिश्मा