एका दमात आठ

सोमवार, ९ सप्टेंबर

आठ! एका दमात आठ! लेक म्हणते, "आई, एकेक त्रिकोण कापत बसलीस तर ही गोधडी तुझ्या शंभरीला होईल."

तिची रीत अशी — दोन मोठे चौकोन, एक पांढरा, एक निळा, तोंडाला तोंड लावून ठेवायचे. पाठीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खडूनं फुली मारायची. फुलीच्या दोन्ही रेघांच्या अलीकडे-पलीकडे पाव इंचावर टीप. मग उभं काप, आडवं काप, फुलीवरून काप. उलगडलं की आठ छोटे चौकोन, प्रत्येक अर्धा पांढरा, अर्धा निळा.

"कुणी शिकवलं?"

"मोबाइलनं."

घ्या! आईचं कामही आता मोबाइल करतो.

मंगळवार, १० सप्टेंबर

शाळेत शिवणाच्या सिस्टरला आम्ही 'टाचणी' म्हणायचो. तिच्या पांढऱ्या झग्याला कांजीचा वास यायचा. तिच्या तासाला प्रत्येक त्रिकोण वेगळा कापायचा, तिरकी कड न ताणता जुळवायची, धावदोरा घालायचा, मगच मशीन. चुकलं तर रागवायची नाही, नुसती कातर पुढे करायची — उसवा. तेच मी लेकीला शिकवलं. तिचा हात टेबलाला पोचत नव्हता, तेव्हा स्टुलावर उभं करून.

आज पट्टी घेऊन तिचे चौकोन तपासले. एक तरी वाकडा निघावा! नाही निघाला. माझेच ताणलेले. तिरकी कड मी आधी कापते, मग ती हाताखाली ताणली जाते. ती आधी शिवते, मग कापते.

जीव जळला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गोधडी म्हणे एक तारखेच्या आत व्हायला हवी. "एक तारखेला काय आहे?" "आहे काम."

हे गेल्यापासून पहिल्यांदाच ती इतके दिवस राहायला आली, आणि आल्यापासून एकच घोषा — लवकर, लवकर. मला वाटलं होतं, त्रिकोणाला त्रिकोण जोडत बसू, हात चालतील, तोंडंही चालतील. मशीनच्या खडखडाटात कसलं बोलणं!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

निळ्या दोऱ्याचं रीळ डब्याच्या तळाशी ढकललं. शोधू दे! या वयाला हे धंदे.

तिला लगेच सापडलं. माझ्याकडे बघून हसली.

रविवार, २२ सप्टेंबर

जावयाचा फोन आला. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. तरी ऐकू आलंच — "नाही झाली अजून. मी काय करू? आईचं काम सावकाश असतं."

माझं! चार दिवसांत मी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही. नवऱ्यापुढे स्वतः चांगली, बिल फाडलं माझ्या नावावर.

आत येऊन मशीनवर बसली आणि अशी काही चालवली की सुई मोडली. नवी सुई ओवता येईना. शेवटी मीच ओवून दिली — चष्म्याशिवाय! नवऱ्याची ओढ, दुसरं काय. करमत नसेल तर जा ना बाई, धरून कुणी ठेवलंय?

बुधवार, २५ सप्टेंबर

झाली एकदाची.

मी म्हटलं, अजून तीन-चार ओळी लाव, दोघांच्या अंगावर पुरायची नाही. तर म्हणे, "मला एवढी पुरे गं." धीर म्हणून नाही! माझाही तोल गेला. म्हणाले, "आईचं घर म्हणजे तुला धर्मशाळा. काम झालं, आता जा. नवरा वाट बघत असेल."

बराच वेळ ती गोधडीवरचे दोरे तोडत बसली. मग विचारलं, "आई, तुझी ही कातर नेऊ?"

"ने. मशीनही ने."

गुरुवार, २६ सप्टेंबर

सकाळच्या बसनं गेली. गोधडी बगलेत. दारात मिठी मारली. मी हात खालीच ठेवले.

खोली झाडली. निळे-पांढरे कपटे निघाले. केरात टाकवेनात.

सोमवार, ३० सप्टेंबर

जावयाचा फोन, थेट माझ्याकडे. "आई, चार दिवस तिचा मोबाइल बंद आहे. बास झाली आता ती गोधडी, पाठवून द्या तिला. आणि फोन द्या तिच्याकडे. आत्ता."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तिनं मात्र ऐकला असणार.

म्हटलं, "न्हायला गेलीय. केस धुतेय. वेळ लागेल तिला."