हँडलला घोंगड्याची खोळ

प्रिय बिरप्पा,

दिवाळीत फराळाच्या ताटावरून उठून गेलास तो गेलासच. थोरल्या बहिणीचा फोनही उचलत नाहीस, म्हणून हा कागद. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, लागतील तशी वाच, नाहीतर सुनेकडून वाचून घे. पण पुरतं वाच. या खेपेला मी जिंकले आहे आणि तुला ते ऐकावं लागणार.

तू गेलास तेव्हा माझ्या हातात कात्री होती आणि मांडीवर आपल्या आप्पाचं घोंगडं. सायकलीसाठी कापते एवढं ऐकलंस, पुढचं ऐकायला थांबला नाहीस. दारातनंच ओरडलास की आप्पाच्या अंगावरचं घोंगडं सायकलीला लावतीस व्हय, बिरोबा बघून घेईल, पोरगी तोंडावर पडंल. अरे, बिरोबाच्या खांद्यावर काय शाल आहे? घोंगडंच आहे. एका पोरीचे हात गरम राहिले म्हणून तो कशाला रागावेल? राग तुझा आणि नाव देवाचं.

गेल्या डिसेंबरात माझी नात प्रियदर्शनी सोलापूर ते अक्कलकोट आणि परत अशा सायकल शर्यतीत उतरली होती. येताना वळसंगच्या पुढं अवकाळी पावसानं गाठलं. वरनं पाणी, समोरनं गार वारा. बोटं अशी बधिरली की ब्रेक दाबायला गेली तर बोटं वळेनात, आणि पोरगी सायकलीसकट बाभळीत. तिच्या बापानं, म्हणजे आमच्या बिभीषणानं, सांगून टाकलं की अजून एकदाच जा, पुरी केली नाहीस तर सायकल विकून टाकीन. पोरगी नुसती काटे काढत बसली. मला ते काही बघवेना.

मग आम्ही दोघी हात गरम ठेवायच्या मागं लागलो. दुकानातले हातमोजे आणले, ते भिजले की बोटांना ओलं फडकं गुंडाळल्यागत. वरनं प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, तर आत घामानंच पाणी. ती गल्लीत सायकल चालवायची आणि मी पहाटेच्या गारठ्यात तांब्यानं तिच्या हातांवर पाणी मारत मागनं पळायची. शेजारची राजेश्वरी खिडकीतनं विचारते, आजी, नातीला लागीर झालंय की तुमाला? मी म्हटलं, ये की बाहेर, तुलाही दोन तांबे मारते.

तेव्हा आप्पा आठवला. माळावर पाऊस आला की तो घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचा आणि आपल्या दोघांना आत ओढायचा. घोंगडं चिंब व्हायचं, तरी आत चुलीपाशी बसल्यासारखं. तू लई रडका. बोटं गारठली म्हणून भोकाड पसरायचास आणि मी तुझे हात माझ्या काखेत धरून बसायची. म्हटलं, माणसाला खोळ चालते तर हँडलला का नको?

पहिली खोळ मी चुकवली. तोंड बारीक शिवलं. उतरायच्या वेळेला पोरीचा हात आत अडकला आणि ती राजेश्वरीच्या वाळवणावर. पापड गेले, पण अक्कल आली. मग मोठं तोंड ठेवलं, त्यात जुन्या टोपलीची कांब शिवली, म्हणजे हात सरळ आत जावा, सरळ बाहेर यावा, आणि ब्रेक आतल्या आत सापडावा.

शर्यतीच्या दिवशी उजाडतानाच पाऊस. मला आनंद झाला, खोटं का सांगू. बाकीच्या पोरी हसत होत्या की हिनं सायकलीला घोड्याचा तोबरा बांधलाय. बिभीषण लांब जाऊन उभा राहिला, आपला काही संबंध नसल्यासारखा. हसणाऱ्या त्याच पोरी परत आल्या तेव्हा कुणाला टोपीचा पट्टा सुटेना, कुणाला पाण्याची बाटली धरवेना. आमची त्यांच्या कितीतरी आधी येऊन केळं सोलून खात होती. पहिली आली, बिरप्पा. तिनं खोळीतनं हात काढून माझ्या गालाला लावले, नुकती तव्यावरची भाकरी उलटून आल्यासारखे ऊन. आता बिभीषण रोज सकाळी ती सायकल पुसतो, आणि हसणाऱ्या दोघी घरी येऊन विचारून गेल्या, आजी, आमाला पण शिवता का. म्हटलं, आधी हसणं परत घ्या.

आता तुझं. गेल्या थंडीत सायकलीवरनं डेअरीला जाताना हँडलची किटली सुटली आणि दूध रस्त्यावर गेलं, तेव्हा खड्ड्याला दोष दिलास. सुनेनं मला खरं सांगितलंय. गारठ्यात तुझी बोटं वळत नाहीत, सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा तीच लावते. तुमच्या गावचा धुळा बाजाराला आला होता, त्याच्याकडनं तुझ्या हँडलचं माप दोरीनं मागवलं आणि आता त्याच्याच हाती हे गाठोडं देते. आत दोन खोळी आहेत. आप्पाचं उरलेलं घोंगडंही मी कापलं. आता कापायला काही राहिलं नाही, तेव्हा रुसायलाही काही राहिलं नाही. उद्या पहाटे बांध आणि हात आत घाल. माझी काख आता तिथवर पोचत नाही.

तुझीच,
गोजाआक्का