दगडावरचा वाघ

बदलापूर, रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

दगड हलवणार नाही. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

चामटोलीच्या कमळामावशी त्याच्यावर रोज कपडे धुवायच्या. वर वाघबकरीचा पट कोरलेला, रेघा साबणाने बुजलेल्या. त्यांना धुण्याला नवी फरशी घेऊन दिली आणि दगड टेंपोत घालून आणला. जुने खेळ वीस वर्षं जमवतेय मी. सोंगट्या, भोवरे कपाटात असतात म्हणून कुणाला खुपत नाहीत. हा कपाटात मावत नाही, दाराबाहेर असतो, एवढाच याचा गुन्हा.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मोकाशी आले. "बाई, हा धोंडा उचला. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागते." बोलता बोलता वाकले आणि नखाने रेघेतला साबण खरवडायला लागले. "लहानपणी खेळायचो आम्ही हे."

"मग खेळा. जिंकलात तर उद्याच हलवते."

असं का बोलले मी? हरले असते तर? पण तोंडातून गेलं ते गेलं.

वाघ त्यांनीच घेतला, अर्थात. वाघ म्हणजे माझ्या स्वेटरचं बटण, बकऱ्या म्हणजे चिंचोके. सात बकऱ्या खाल्ल्या त्यांनी. उरलेल्यांनी मी वाघ कोपऱ्यात कोंडला. हलायला जागाच नाही. मोकाशी गुडघे धरत उठले. धोंड्याचं नाव नाही.

जिन्यातून म्हणाले, "उद्या बकऱ्या माझ्या."

घ्या म्हणावं. मला वाघही खेळता येतो.