ताईच्या गल्लीतले निळे डबे

५ फेब्रुवारी

नगरपालिकेतल्या साहेबांनी आज गल्ल्या वाटून दिल्या. माझ्या वाट्याला नेमकी ताईची गल्ली! बदलून द्या म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काम तसं साधं — घरोघरी जायचं, सुका कचरा वेगळा ठेवा, बुधवारी निळा डबा दाराबाहेर काढा, एवढं सांगायचं.

ताईचं घर अगदी टोकाला. आई लवकर गेली, मला वाढवलं ते ताईनंच. बाबा आजारी पडले तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवायचं की घरीच ठेवायचं, यावरून आम्ही भांडलो. बाबा गेले, भांडण राहिलं. तेव्हापासून बोलणं नाही.

१२ फेब्रुवारी

डबे नगरपालिकेनं फुकट वाटलेत. घराघरात आहेत, बाहेर एकही नाही. एकीनं त्यात कपडे भिजत घातलेत. कोपऱ्यावरच्या आजोबांनी झाड लावलंय. शिंपीकाका मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "आम्ही निवडत बसायचं आणि तुमच्या गाडीत सगळं एकच व्हायचं." हे ऐकून ऐकून कान किटले.

सगळी दारं वाजवली. शेवटचं सोडून.

ताईच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. उगाच चपलेचा पट्टा नीट करत थांबले. हाक आली नाही.

१३ फेब्रुवारी

केस विंचरताना ताई आठवली. गुंता ओढायची आणि वर मलाच दटावायची — हलू नकोस.

१९ फेब्रुवारी

शिंपीकाकांना हाताला धरून गाडीपाशी नेलं. ड्रायव्हरनं मागचं झाकण उघडून दाखवलं — मधे पत्रा, ओलं एकीकडे, सुकं एकीकडे. काकांनी वाकून पाहिलं. "बरं. बघू." एवढंच.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "त्या गल्लीत डबे निघत नसतील तर गाडी दुसरीकडे वळवू. तुम्हालाही दुसरी गल्ली देतो."

पंधरवड्यापूर्वी हेच हवं होतं मला. आज नको वाटलं. गाडी बंद झाली तर कुठल्या निमित्तानं जाऊ तिकडे? बोलणं नसेना का, निदान तिच्या खिडकीखालून तरी जाते.

२६ फेब्रुवारी

वळणावरच थबकले. अर्ध्याहून जास्त दारांत निळे डबे! आजोबांनी झाड कुंडीत हलवून डबा घासूनपुसून ठेवलेला. साहेबांना फोटो पाठवला. गाडी चालू राहणार.

टोकाच्या दारातही डबा होता. बाटल्या धुतलेल्या, झाकणं वेगळ्या पिशवीत, पुठ्ठे घडी घालून. ताईचा हात ओळखू येतो. डबा मीच उचलून गाडीत रिकामा केला, जागच्या जागी ठेवला. कडीपर्यंत हात नेला. धीर झाला नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

५ मार्च

शिंपीकाकांना म्हटलं, "गाडी बघून पटलं ना?" ते हसले. "गाडीचं सोडा हो. तुमच्या ताई घरोघर फिरल्या. म्हणाल्या, माझी धाकटी बहीण येते, तिला रिकाम्या हातानं पाठवू नका."

सरळ टोकाला गेले. कडी वाजवली. दार लगेच उघडलं.

"सगळ्या गल्लीची दारं वाजवायचीस," ताई म्हणाली. "मी दर वेळी इथं आत उभी असायचे गं."