'इतर'चं बटण

३ नोव्हेंबर
जमलं! नवं सॉफ्टवेअर बसवून महिना झाला, आज पहिल्यांदा बोर्डावर मशीन थांबल्याची तांबडी पट्टी नाही. केलं काय? यादीतनं 'इतर' हे बटण काढून टाकलं, बस्स. मशीन थांबवायची तर आधी स्क्रीनवर कारण निवडायचं, मगच ती थांबते. लोक ऊठसूट 'इतर' दाबायचे आणि हेड ऑफिस माझ्यावर भडकायचं. आता तेरा कारणं. त्यात बसत असेल तर थांबा! खोटं कारण दाबलं तर पगार कापणार.

सोयाबीन पुढं ढकलणाऱ्या स्क्रूच्या, तीन नंबरच्या मशीनवरचे ज्ञानोबा तेवढे कुरकुरले. "साहेब, सोयाबीनच्या पोत्याची सुतळी स्क्रूला गुंडाळती. दिवसातनं दोनदा कापावी लागती. ते कशात दाबू?"
म्हटलं, शिफ्ट संपल्यावर कापा.
"तवर ती दम काढत न्हाय."
वडिलांच्या वयाचे. तरी हसण्यावारी नेलं मी.

११ नोव्हेंबर
मॅनेजर रणधीर साहेबांनी पेढे वाटले. उत्पादन नऊ टक्के वर! पाठ थोपटून घेतली.

१४ नोव्हेंबर
ज्ञानोबा गेले.
चालू स्क्रूत हात घातला. सुतळी कापायला. विळा तिथंच पडला होता.

१५ नोव्हेंबर
लिहवत नाही.

१८ नोव्हेंबर
तीन नंबर धुऊन पुन्हा चालू केली. युवराजला उभं केलंय. पण बोर्डावर त्याच्या नावाच्या वर अजून — 'ज्ञानोबा, कामावर'. शिफ्ट बंद करायला ज्याचा त्याचा अंगठा लागतो. कुणी दुसऱ्याची हजेरी मारू नये म्हणून हा नियमही मीच केला. काय हुशार मी!
तास वाढतच चाललेत. आज शंभर झाले.
युवराज बोर्डाकडं पाठ करून काम करतो. म्हणाला, "तुमीच त्यांना घरी पाठवा साहेब. मला मागं कुणीतरी उभं असल्यावानी वाटतंय." त्याला रागावलो. खरं तर मलाही तसंच वाटतं.

१९ नोव्हेंबर
पासवर्ड माझ्याकडं आहे, मी बंद करू शकतो. तीन नंबरच्या स्क्रीनवरच गेलो. 'शिफ्ट बंद करण्याचं कारण निवडा.' सुट्टी. आजारी. बदली. काम सोडलं. चारच, तीही मीच लिहिलेली. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांनी खंडेनवमीला लावलेलं कुंकू तसंच होतं.
काहीच दाबता आलं नाही. परत आलो.

२१ नोव्हेंबर
त्यांच्या बायको, मथुराबाई, गेटवर आल्या. तामलवाडीहून चालत. रडल्या नाहीत.
"लोक म्हणतेत, त्यांचीच चूक. घरातला पंखा सुदिक बंद करून पुसायचे ओ ते. चालू मशीनीत हात कसा घालतील? खरं काय ते सांगा, बाबा."
म्हटलं, चौकशी चालू आहे, मावशी. पाणी विचारायचंही सुचलं नाही. लाज वाटते.

२२ नोव्हेंबर
रणधीर साहेबांनी अहवाल पुढं सरकवला. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' उद्या सरकारी तपासनीस येणार, त्याआधी माझी सही हवी. "अरे, इमर्जन्सीचं बटण होतं की! त्यांना कुणी अडवलं होतं?"
होतं. ते दाबलं की अख्खा प्लान्ट थांबतो. सुतळीसाठी कोण दाबणार? दाबलं असतं तर सगळ्यात आधी मीच ओरडलो असतो.
म्हटलं, सकाळी करतो सही.

२३ नोव्हेंबर
सहीआधी त्या दिवसाच्या तीन नंबरच्या नोंदी उघडल्या.
दुपारी दोन अकरा. 'थांबवा' दाबलं. उत्तर — 'कारण निवडा.'
दोन बारा. 'थांबवा.' 'कारण निवडा.'
नऊ वेळा दाबलंय त्यांनी. नऊ वेळा!
नोंदी छापून तपासनिसांच्या हातात दिल्या. मग तीन नंबरवर गेलो, कारणांच्या यादीत माझं नाव घातलं, तेच निवडलं, आणि ज्ञानोबांची शिफ्ट बंद केली.