कातडीचा वरचा थर

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. मानसीताईस,
सर्वेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मेसेज करून दोन ओळींत उरकतो म्हणून तू रागावतेस, तेव्हा आज सविस्तर लिहितो. आधी आनंदाची बातमी. निधीला दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. तू आत्या होणार!

दुसरी गोष्ट लिहायला मन धजत नाही. तुला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांना घाटकोपरला तपासणीसाठी पाठवलं. सुई नाही, काही नाही. हातावर एक छोटं यंत्र टेकवतात आणि पडद्यावर कातडीचे थर दिसतात. हा दोष ज्यांच्या अंगात लपलेला असतो, त्यांचा वरचा थर बरेचदा किंचित जाड असतो म्हणे. माझा जाड निघाला. निधीचाही. दोघांतही खरंच दोष असला तर चारांतलं एक मूल बहिरं होऊ शकतं. यंत्र नुसता संशय सांगतं, खात्री रक्तानेच होते. आणि रक्तात नेमकं काय शोधायचं, ते तुझ्या रक्तावरून कळेल.

म्हणजे बाळ तुझ्यासारखं तर नाही ना, हे बघायला मी तुझंच रक्त मागतोय. यंत्र हातावर होतं तेव्हा मी गणपतीला विनवत होतो, थर पातळ येऊ दे. मग तुझा चेहरा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
सर्वेश


बोरिवली पश्चिम,
१८ जानेवारी २०२५

चि. सर्वेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्या होणार हे ह्यांना खुणांनी सांगितलं, तर लगेच पिशवी घेऊन पेढ्यांना पळाले. ह्यांनाही माझ्यासारखंच ऐकू येत नाही, पण पेढ्याचं बरोबर कळतं.

तुझी कातडी जाड आहे हे कळायला यंत्र कशाला लागलं रे? मला विचारायचंस. रक्त मी कालच देऊन आले. त्यात विचारायचं काय?

फक्त एक गोष्ट लिहायची तू टाळलीस. बाळ माझ्यासारखं असलं, तर तुम्ही काय करणार आहात? खरं लिही. गोड लिहून मला गुंडाळू नकोस.

निधीला जप.
तुझी,
ताई


मुलुंड पूर्व,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल अहवाल आले. तुझ्या रक्तात जो दोष सापडला तो माझ्यातही आहे, पण आईबाबांपैकी एकाच बाजूने आलेला, म्हणून मला ऐकू येतं. निधीत तो मुळीच नाही; तिची कातडी आपली तशीच जाड. बाळाला त्यापायी बहिरेपण येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर पडल्यावर निधी रस्त्यातच रडली, मीही रडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर लिहिलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. आता लिहावं लागणार नाही म्हणून हायसं वाटलं, आणि त्याचीच इतकी लाज वाटते की तुझ्यासमोर यायचा धीर होत नाही. तू मोठ्या मनाने रक्त दिलंस आणि मी हा असा. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा,
सर्वेश


बोरिवली पश्चिम,
१ मार्च २०२५

चि. सर्वेश यास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या मोठ्या मनाचं कौतुक पुरे. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

गणपतीत आपल्याकडे सगळे पंगतीत हसतात. मी विचारते काय झालं, तर तू म्हणतोस नंतर सांगतो, आई म्हणते नंतर सांगते. वाईट मनाने म्हणत नाही, मला ठाऊक आहे. पण ते नंतर कधी येत नाही. रक्त देताना माझ्या मनात काय होतं ते ऐक. बाळाला ऐकू येऊ नये, असं मी देवाकडे मागत होते. माहेरी एक तरी माणूस माझ्याशी हातांनी बोलणारं असावं, एवढ्यासाठी मी तुमच्या लेकराचे कान मागितले. तुझी बातमी वाचून हे पुन्हा पेढे आणायला निघाले आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अशी आहे बाळाची आत्या. निधीला यातलं काही सांगू नकोस.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. हे वाचूनही तो मला द्यावासा वाटला, तर बोलाव. मी सांगेन ते बाळाला ऐकू येईल, मला येणार नाही. तेवढी शिक्षा मला राहू दे.

जमलं तर आहे तेवढी माया ठेव.
तुझी,
ताई