सगळेच लंगडतात अशी वाट

२९ जुलै १९७४
झालं! आणखी एक स्थळ. दुधनीचे आडतवाले चनबसप्पा, त्यांचा एकुलता एक विरुपाक्ष. वहिनीने भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "पुन्हा चालून दाखवायचं?" तिने भाकरी उलटली.

दर वेळी पोहे आवडतात, चेहरा आवडतो, मॅट्रिकही आवडतं. मग कुणीतरी म्हातारी म्हणते, "पोरी, दारापातूर चालून दाव की जरा." आणि संपतं! लहानपणीच्या तापात डावा पाय आखूड राहिला, त्याला मी काय करू?

३१ जुलै
माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, डोकं बघा! "ह्या बारीला बघायचा कार्यक्रम घरात न्हाय. श्रावणी सोमवारी रामलिंगच्या देवळाला जाऊ समदे. दरीत उतरताना समदेच लंगडत्यात की! कुणाला कळतंय?"

वहिनी हसली. पाय दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसले असते.

दुधनीकरांनी लगेच होकार दिला. अण्णा स्वतःच्या हुशारीवर खूश.

४ ऑगस्ट
अण्णाने माझ्या डाव्या चपलेला चामड्याची जादा चकती ठोकून आणली. वर म्हणतो, "तितं लई बोलू नगंस." म्हणजे पायही झाका आणि तोंडही!

५ ऑगस्ट
जाऊन आलो. पाय ठणकतोय.

सोलापुरात डोळ्यांना धुळीची सवय, आणि तिथं ओल्या दगडांवर शेवाळ, दरीभर पाण्याचा आवाज! नुसती बघायला गेले असते तर किती बरं झालं असतं. पण माझ्यापुढे वहिनी, मागे अण्णा – चोरीचा माल न्यावा तशी मी मधे. चंद्रव्वा, म्हणजे मुलाची आई, पायरीगणिक "यव्वा, यव्वा" करत होती. अण्णाचं खरं होतं. सगळेच लंगडत होते. मी सोडून! आयुष्यभर वाकड्या जमिनीवरच चालल्यासारखी चालले, मला उतार काय नवा? सगळ्यांच्या आधी खाली पोचले.

विरुपाक्ष सबंध वाट बापाच्या खांद्यावर हात ठेवून. एवढा वाढलेला पुरुष, अजून बापाचं बाळ! माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एकदाही! नवी इरकल नेसले होते, ती काय दगडांना दाखवायला?

धबधब्याशी अण्णाने मला आधीच एका खडकावर बसवून ठेवलं. विरुपाक्षला बापाने आणून शेजारी बसवलं. तो म्हणाला, "दोन धारा हायत न्हवं? कशा दिसत्यात?"

मला रागच आला. "दिसत नाही का तुम्हाला?"

तो हसला. "तुमीच सांगा की."

सांगितलं. एक जाड, गढूळ, चहासारखी. दुसरी बारीक, मधल्या दगडावर आपटून तिचं पिंजलेल्या कापसासारखं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला इतका वेळ कुणी बोलू दिल्याचं आठवत नाही. तेवढ्यात अण्णा खाकरला.

चढताना झाडीआड तिसरी धार दिसली, अगदी सुतासारखी. कुणाला सांगणार? चढत राहिले.

८ ऑगस्ट
दुधनीहून काही नाही. वहिनी म्हणते, "बगितलं आसंल कुणीतरी."

११ ऑगस्ट
चनबसप्पा एकटेच आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. अण्णाशी बोलत होते, मी दाराआडून ऐकत होते.

"शिवलिंगप्पा, खरं बोलतो. पोराची नजर गेलीया. उजेड-अंधार तेवढा कळतोय. तुमी दरीचं काडलं, आमाला बरंच वाटलं. तितं समदेच हात धरून चालत्यात, आमचं कुणाला दिसणार न्हाय. पर पोरगा ऐकंना. म्हणतोय, आदी सांगा, मग पुढचं."

अण्णा ओरडला, "फसवायला निघाला व्हता आमाला?"

"तुमी न्हवं व्हय?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुमच्या पोरीचा डावा पाय अधू हाय, त्यानं वाटेवरच वळिखलं. चपलेच्या आवाजावरनं. त्याची हरकत न्हाय. पोरीला इचारा म्हणालाय."

पोरीला इचारा!

अण्णाने त्यांना दार दाखवलं. "आंदळ्याच्या गळ्यात भैन बांधणार न्हाय मी!" लंगडी बहीण डोळसाच्या गळ्यात चोरून बांधायला निघालेला हा! आणि मी? "दिसत नाही का तुम्हाला" – आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं.

मला कुणीच विचारलं नाही.

१२ ऑगस्ट
चपलेची चकती उपटून टाकली आणि तशीच लंगडत, भर पेठेतून स्टेशनवर गेले. गाडीची वेळ विचारून आले. अण्णाला सांगितलं, उद्या दुधनीला जाते. तो ओरडतोय, ओरडू दे.

तिसरी धार सांगायची राहिलीय.